हाय-एंड प्रोजेक्टरचं चित्र पारखताना: लक्स मीटर, काळं कापड आणि मुंबईची खोली

प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘३००० ल्युमेन’ आणि ‘२०,००,००० : १ कॉन्ट्रास्ट’ असं शेजारी शेजारी छापलेलं असतं. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती उजेड फेकतो ते, आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, पण एकाच वेळी दोन्ही हाती लागत नाहीत. ल्युमेनचा आकडा बहुतेकदा सगळ्यांत भडक, हिरवट झाकेच्या मोडमधला असतो. कॉन्ट्रास्टचा आकडा काढताना एकीकडे पूर्ण पांढरा पडदा धरतात आणि दुसरीकडे लेसर जवळजवळ बंद केलेला काळा पडदा. सिनेमात अशी दोन दृश्यं एकत्र कधीच येत नाहीत. कित्येक लाख मोजणार असाल, तर आपल्या खोलीत, आपल्या पडद्यावर नेमकं काय पडतं ते स्वतः मोजलेलं बरं. लागणारं सामान थोडं आहे आणि काम एका रात्रीत होतं. फक्त क्रम मोडायचा नाही, कारण आधीची पायरी चुकली की पुढचं प्रत्येक मोजमाप फसतं.

आधी खोली

मुंबईच्या फ्लॅटमधली नेहमीची खोली म्हणजे १० बाय १२ किंवा ११ बाय १४ फूट, ऑफ-व्हाइट भिंती, पांढरं पीओपी सीलिंग आणि आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल. महागड्या प्रोजेक्टरला याहून वाईट सोबत नाही. पडद्यावरचा उजेड छताला, भिंतीला आणि फरशीला आपटून परत पडद्यावर येतो आणि चित्रातल्या काळ्या भागावर राखाडी पापुद्रा चढवतो. प्रोजेक्टर पाच लाखांचा असो की पंचवीस, हा पापुद्रा तितकाच जाड असतो.

सगळ्यांत जास्त त्रास छताचा. नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत पडद्याची वरची कड छतापासून फूट-दीड फुटावरच येते. म्हणून पहिलं काळं कापड छताला लावा: पडद्यापासून पुढे चार फूट. मग दोन्ही बाजूंच्या भिंतींना तेवढंच आणि पडद्यासमोर जमिनीवर एक गडद सतरंजी. मंगलदास मार्केटमधून काळा वेल्वेट थानातून कापून आणला की काम भागतं. सॅटिन किंवा चमक असलेलं कापड घेऊ नका, रंग काळा असला तरी ते उजेड फेकतं. चाचणीच्या रात्रीपुरतं खिडकीच्या पडद्यांच्या दांड्या आणि बाइंडर क्लिपांवर टांगलं तरी चालतं.

स्लायडिंग खिडकीच्या फटीतून रस्त्याचा दिवा येतो, समोरच्या इमारतीच्या जिन्यातली ट्यूब येते. एसी, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे लुकलुकते दिवेही असतात. त्यांच्यावर काळी इन्शुलेशन टेप लावा. प्रोजेक्टर बंद ठेवून पडद्यावर लक्स मीटर (दर चौरस मीटरवर किती उजेड पडतो ते मोजणारं यंत्र) धरा. ०.१ लक्स दाखवणाऱ्या मीटरवर शून्य यायला हवं. खाली मंडपाची रोषणाई असेल तर गणपतीचे दहा दिवस मोजमापाचा नाद सोडून द्या.

सामान

लक्स मीटर असा घ्या की खालच्या टोकाला ०.१ (जमल्यास ०.०१) लक्स वाचेल आणि वरच्या टोकाला लाखभर लक्सपर्यंत जाईल. लॅमिंग्टन रोडवर मोजमापाची उपकरणं विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो. मोबाइलचं लक्स अ‍ॅप यासाठी निरुपयोगी. सोबत मोजपट्टी, पेन्सिल आणि टेस्ट पॅटर्न (चाचणीसाठी बनवलेली चित्रं) भरलेला पेन ड्राइव्ह हवा. ‘एव्हीएस एचडी ७०९’ नावाचा पॅटर्नसंच मोफत मिळतो, एचडीआरसाठी (उजळ भाग जास्त झगझगीत दाखवणाऱ्या चित्रप्रकारासाठी) मात्र वेगळे पॅटर्न लागतात. रंगात शिरायचं असेल तर एक कलरीमीटर (रंग मोजणारं यंत्र) आणि ‘एचसीएफआर’ हे मोफत सॉफ्टवेअर. कलरीमीटर नसला तरी या लेखातलं निम्म्याहून जास्त काम होतं.

प्रोजेक्टर मोजण्याजोगा करणं

चालू करून अर्धा तास तसाच सोडा. गरम होताना लेन्सचा फोकस किंचित सरकतो आणि उजेड व रंगही स्थिर व्हायला वेळ घेतात. थंड प्रोजेक्टरवर फोकस जुळवून पुढे दोन तास ‘चित्र मऊ का?’ म्हणून डोकं खाजवणारे खूप असतात.

मोड ‘सिनेमा’, ‘नॅचरल’, ‘रेफरन्स’ किंवा ‘फिल्ममेकर’ यांपैकी जो असेल तो. दृश्यागणिक उजेड आपोआप कमी-जास्त करणारे डायनॅमिक आयरिस, लेसर डिमिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, एज एन्हान्समेंट आणि फ्रेम इंटरपोलेशन सगळं बंद. खोलीचा उजेड पाहून स्वतःच बदलणारा सेन्सरही बंद. कीस्टोन (तिरकी चौकट सरळ करणारी सोय) शून्य, यात तडजोड नाही. कीस्टोनमध्ये प्रोजेक्टर चित्र डिजिटली दाबून पॅनेलच्या काही भागावरच काढतो. त्यामुळे एक पिक्सेल एका पिक्सेलवर बसत नाही आणि फोर-के साठी दिलेले पैसे तिथेच वाया जातात. चौकट तिरकी येत असेल तर माउंट हलवा किंवा लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र हलवणं) वापरा. पण शिफ्ट अगदी टोकाला नेली तर कडांचा फोकस आणि थोडा कॉन्ट्रास्टही जातो.

मग सिग्नल, आणि त्यातली ‘रेंज’, म्हणजे काळा-पांढरा कुठल्या आकड्यांत पाठवला जातो ते. प्लेअर ‘फुल’ आणि प्रोजेक्टर ‘लिमिटेड’ रेंजवर असेल तर सावल्या गिळल्या जातात. उलट असेल तर काळं धुरकट दिसतं. प्रोजेक्टरचा दोष समजून परत पाठवलेल्या कित्येक प्रोजेक्टरांची दुरुस्ती या एका सेटिंगमध्ये असते. इन्फो बटण दाबून ३८४० × २१६० आणि सिनेमासाठी २३.९७६ किंवा २४ हर्ट्‌झ येतंय ना ते बघा. केबल दहा मीटरच्या पुढे जात असेल तर तांब्याची एचडीएमआय टाळून ऑप्टिकल फायबरची घ्या, आणि टाकताना तिची दिशा बघा. तिचं सोर्सचं आणि डिस्प्लेचं टोक ठरलेलं असतं. भिंतीच्या पाइपातून उलटी ओढली की सगळं पुन्हा उपसावं लागतं.

शेवटी मेन्यूतले ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट: पहिला काळा ठरवतो, दुसरा पांढरा. आठ-बिट व्हिडिओत (० ते २५५ पायऱ्यांत) काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. काळ्या पट्ट्यांच्या पॅटर्नवर १६ दिसू नये, १७-१८ जेमतेम जाणवावा. त्यासाठी डोळ्यांना आधी दहा मिनिटं काळोखाची सवय होऊ द्या. पांढऱ्या पॅटर्नवर २३४ पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या दिसायला हव्यात. त्यांतली एखादी गुलाबी किंवा पिवळट झाली तर एक रंग आधीच संपलाय. कॉन्ट्रास्ट खाली घ्या.

उजेड किती पडतो

पूर्ण पांढरा पडदा लावा. पडद्याचे तीन बाय तीन असे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर मीटरचा सेन्सर लेन्सकडे तोंड करून धरा. वाचन घेताना पांढरा शर्ट नको, तोही उजेड परत फेकतो. नऊ आकड्यांची सरासरी गुणिले पडद्याचं क्षेत्रफळ म्हणजे ल्युमेन. पडद्याचा गेन (तो किती उजेड प्रेक्षकाकडे परत पाठवतो ते) १.० धरला तर लक्सला ३.१४ ने भागलं की निट, म्हणजे दिसणाऱ्या उजळपणाचं माप, मिळतात.

उदाहरण घेऊ. १०० इंची १६:९ पडदा २.२१ × १.२५ मीटर, म्हणजे २.७६ चौरस मीटर. सरासरी ४०० लक्स आली तर ४०० × २.७६ = सुमारे ११०० ल्युमेन आणि पडद्यावर १२७ निट. डिजिटल सिनेमाचं प्रमाण ४८ निट आहे, तेव्हा साध्या एसडीआर (एचडीआर नसलेल्या) चित्रासाठी हे भरपूर झालं. पण दिवा किंवा लेसर म्हातारा होतो. लेसरचे २०,००० तास म्हणतात, तेव्हा साधारणपणे उजेड निम्मा होईपर्यंतचा काळ अभिप्रेत असतो, आणि दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये ही घसरण फारच लवकर सुरू होते. १२७ चे उद्या ६४ होणार हे धरूनच पडद्याचा आकार ठरवा. तोच प्रोजेक्टर १५० इंची पडद्यावर नेला तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि पहिल्याच दिवशी ५६ निट उरतात.

झूमही विसरू नका. तोच पडदा जवळून, झूम उघडून भरला तर उजेड जास्त मिळतो. लांबून, झूम आवळून भरला तर उजेड कमी पण काळा जास्त खोल. म्हणजे शोरूममधलं अंतर तुमच्या घरातल्या अंतरासारखं नसेल तर तिथला आकडा तुमचा नव्हे. मोजलेल्या मोडमध्ये पंख्याचा आवाजही ऐका. ब्रोशरमधले कमी डेसिबल बहुधा ‘लो’ मोडमधले असतात आणि ब्रोशरमधले ल्युमेन ‘हाय’ मोडमधले.

कोपऱ्यात उजेड मध्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी असला तरी डोळ्याला सहसा कळत नाही. राखाडी पडद्यावर एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट दिसली तर मात्र ती कळतेच. एकदा दिसली की क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांवरही दिसत राहते. ३० टक्के राखाडी पडदा लावून हे तपासा.

काळा: इथेच पैसे जातात

चित्राचा दर्जा ठरवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, आणि सगळ्यांत जास्त फसवाफसवीही इथेच. दोन वेगळ्या चाचण्या करायच्या.

पहिली चाचणी मूळ ऑन-ऑफ कॉन्ट्रास्टची: पूर्ण पांढरा पडदा भागिले पूर्ण काळा, डायनॅमिक सगळं बंद असताना. पडद्यावर ४०० लक्स आणि कॉन्ट्रास्ट २०,००० : १ असेल तर काळा येतो ०.०२ लक्स. तो कुठलाही स्वस्त मीटर वाचत नाही. युक्ती अशी: सेन्सर लेन्सच्या जवळ न्या. लेन्सपासून पडदा ३.२ मीटरवर असेल तर ६४ सेंटिमीटरवर, म्हणजे एक-पंचमांश अंतरावर, उजेड सुमारे २५ पट होतो. पांढऱ्यावर १०,००० लक्स मिळतात आणि काळ्यावर ०.५. हे मीटरच्या आवाक्यात आलं. सेन्सर स्टँडवर घट्ट बांधा, पांढरा आणि काळा वाचताना केसभरही हलवू नका. लेन्सवर झाकण ठेवून खोलीचा उरलासुरला उजेड वाचा आणि काळ्याच्या आकड्यातून वजा करा.  तोंड लेन्ससमोर आणायचं नाही, लेसर असेल तर मुळीच नाही.

काय आकडा अपेक्षित धरायचा? ०.४७ इंची डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या) चिपच्या बहुतेक प्रोजेक्टरांत हा मूळ कॉन्ट्रास्ट एक-दोन हजारांच्या आसपास असतो. जेव्हीसीच्या डी-आयएलए (द्रवस्फटिकाच्या) पॅनेलवरच्या मॉडेलांसाठी कंपनी ४०,००० ते १,५०,००० : १ सांगते. हा फरक सिनेमास्कोप चित्रपटात उघड दिसतो. २.३९ : १ चं चित्र १६:९ पडद्यावर लावलं की उंचीचा पाव भाग काळ्या पट्ट्यांत जातो. त्या पट्ट्या खोलीच्या काळोखात विरघळतात की राखाडी फळ्यांसारख्या तरंगतात, हे पाहिलं की निम्मा निकाल लागला.

दुसरी चाचणी बुद्धिबळाच्या पटाची: आठ पांढरे, आठ काळे असे सोळा चौकोन. याला अ‍ॅन्सी कॉन्ट्रास्ट म्हणतात. एकाच चित्रात उजेड आणि काळोख शेजारी असताना काय होतं, ते तो सांगतो. डीएलपी इथे बऱ्याचदा वरचढ ठरते. हा पट आधी लेन्सजवळ मोजा, मग पडद्यावर. समजा पडद्यावर पांढरे चौकोन सरासरी ३८० आणि काळे ६ लक्स आले, तर झाला फक्त ६३ : १. प्रोजेक्टरची कुवत काही शेकडा असताना बाकीचा ऐवज भिंतींनी खाल्ला. वेल्वेट टांगून पुन्हा मोजा. पांढऱ्या खोलीत १०० च्या खाली अडकलेला आकडा कापडाने किती वर येतो ते बघून मगच ठरवा, की पुढचे पाच लाख वरच्या मॉडेलमध्ये घालायचे की काही हजार रंग-कापडात. ज्या घरात दिवाणखान्याच्या भिंती पांढऱ्याच राहणार आहेत, तिथे १,००,००० : १ च्या मागे धावण्यात अर्थ नाही. तिथे उजेड जास्त असलेला प्रोजेक्टर बरा.

हे झाल्यावर डायनॅमिक आयरिस किंवा लेसर डिमिंग चालू करा आणि काळ्यावर पांढरी श्रेयनामावली लावा. नावं आली-गेली की सगळी पार्श्वभूमी श्वास घेतल्यासारखी उजळत-मावळत असेल तर ती सोय सौम्य पातळीवर ठेवा किंवा बंद करा.

रंग, पण आधी राखाडी

रंग पारखायला उत्तम चित्रपट कृष्णधवल. राखाडीच्या पायऱ्यांत कुठेही हिरवी-गुलाबी झाक असेल तर ती तिथे लपत नाही. मोजायचं असेल तर १० ते १०० टक्के अशा दहा पायऱ्या कलरीमीटरने वाचा. पांढऱ्याचं लक्ष्य डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा ठरवलेला पांढरा), म्हणजे रंगनकाशावर x ०.३१२७, y ०.३२९०. डेल्टा ई (लक्ष्यापासूनचा रंगाचा फरक) ३ च्या खाली असेल तर डोळ्याला खटकत नाही. गॅमा (काळ्याकडून पांढऱ्याकडे उजेड कसा चढतो त्याचं माप) पूर्ण काळोख्या खोलीत २.४, थोडा उजेड असलेल्या दिवाणखान्यात २.२. सेन्सर पडद्याकडे वळवून धरा, म्हणजे पडद्याच्या कापडाचा रंगही हिशेबात येतो. १० टक्क्यांच्या खाली स्वस्त कलरीमीटर भरकटतात. तिथे आकड्यापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा. तीन लेसरवाल्या प्रोजेक्टरवर त्या प्रकाशासाठीची दुरुस्ती फाइल न वापरता घेतलेलं वाचनही चुकीचं येतं. आणि तुलनेसाठी फोटोकॉपीचा ए४ कागद धरू नका. त्यात पांढरेपणासाठी निळी चमक घातलेली असते.

रुंद रंगपट्ट्याचे लेसर प्रोजेक्टर जुन्या, रेक-७०९ (एचडीचा ठरलेला रंगपट्टा) च्या चित्रालाही आपले सगळे रंग लावतात. पैठणीचा जांभळा निऑनसारखा पेटतो, हळदीच्या समारंभातला प्रत्येक चेहरा काविळीसारखा दिसतो. शोरूममध्ये हे मोहक वाटतं. कलर स्पेस ‘७०९’ वर लॉक होते का, ते विचारा आणि सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांच्या शॉटवर बघा. चेहरा लालबुंद झाला की सौदा थांबवा. काही मॉडेलांत पी३ (सिनेमाचा रुंद रंगपट्टा) रंगांसाठी प्रकाशासमोर फिल्टर येतो आणि उजेड खातो. तो लावून आणि काढून, दोन्ही वेळा लक्स मोजा.

एचडीआर

टीव्हीच्या अपेक्षेने बघू नका. एचडीआर चित्रपट १००० किंवा ४००० निटवर तयार होतो आणि तुमच्या पडद्यावर शंभर-सव्वाशे निट. मधली सगळी दरी टोन मॅपिंग भरतं, म्हणून इथे प्रोजेक्टरचा मेंदू तपासायचा. दोन शॉट पुरतात. एक भर उन्हातले पांढरे ढग: त्यांच्या आत पोत दिसतो की चुना फासलाय? दुसरा कंदिलाच्या उजेडातली खोली: चेहरे दिसतात की सगळं बुडालंय? एकात जिंकून दुसऱ्यात हरणारे बरेच असतात. दृश्यागणिक, फ्रेमगणिक मॅपिंग बदलणारे प्रोजेक्टर दोन्ही सांभाळतात. आकाशात पायऱ्या दिसल्या तर लगेच प्रोजेक्टरला दोष देऊ नका. स्ट्रीमिंगचा फोर-के प्रवाह साधारण १५ ते २५ एमबीपीएसचा, अल्ट्रा एचडी डिस्क १२८ पर्यंत जाते. तोच शॉट डिस्कवर पाहून मग बोला.

धार आणि हालचाल

एक पिक्सेल रुंद पांढऱ्या रेघांची जाळी लावा. तीन पॅनेलच्या (थ्री-एलसीडी, एसएक्सआरडी, डी-आयएलए) प्रोजेक्टरमध्ये रेघेच्या कडेला लाल किंवा निळी सावली अर्ध्या पिक्सेलपर्यंत चालते. पूर्ण पिक्सेल सरकलेला प्रोजेक्टर बदलून मागा. सावली मध्यावर नाही पण कोपऱ्यांत वाढत जाते, तर दोष लेन्सचा. मेन्यूतलं डिजिटल कन्व्हर्जन्स (तीन रंग एकावर एक बसवणारी सोय) रेघ सरळ करतं, पण धार बोथट करतं. पिक्सेल शिफ्टिंगच्या (कमी पिक्सेल झरझर सरकवून फोर-के भरणाऱ्या) प्रोजेक्टरला उगाच नाकं मुरडू नका. १०० इंची पडद्यावर फुल एचडीचा पिक्सेल १.१५ मिलिमीटर, फोर-के चा ०.५८. दहा फुटांवरून डोळा सुमारे ०.९ मिलिमीटरपर्यंतच फोड करतो.

हालचालीसाठी सिनेमातला सावकाश पॅन लावा. दर काही क्षणांनी अडखळत असेल तर आधी स्ट्रीमिंग स्टिकमधलं ‘मॅच फ्रेम रेट’ चालू करा. २४ फ्रेम ६० हर्ट्‌झमध्ये कोंबल्या की हे होतं. सिंगल-चिप डीएलपीवर रंगचक्र (लाल-हिरवा-निळा आळीपाळीने दाखवणारं फिरतं चाक) असेल तर काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांवरून नजर झरकन फिरवा. इंद्रधनुषी ठिणग्या कुणाला दिसतात, कुणाला आयुष्यभर दिसत नाहीत. म्हणून घरातल्या सगळ्यांना एकदा समोर बसवा.

मुंबईची हवा

पूर्ण काळा पडदा लावून फोकस मुद्दाम बिघडवा. धूसर रंगीत डाग दिसले तर पॅनेलवर धूळ बसलीय. डेमोचा प्रोजेक्टर सवलतीत घेताना ही चाचणी चुकवू नका. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते, ते टॉर्च तिरकी मारून बघा. एसीने गार झालेल्या खोलीची खिडकी उघडली की दमट हवेचं दव काचेवर बसतं. ते उडेपर्यंत ना पुसायचं ना मोजायचं. बहुतेक प्रोजेक्टर ३५ अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि मे महिन्यात पीओपीच्या बंद कोनाड्यात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. तापलेला प्रोजेक्टर स्वतःच उजेड कमी करतो. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर फिल्टर महिन्याला साफ करा.

डेमोला गेल्यावर

आपला प्लेअर आणि पेन ड्राइव्ह घेऊन जा, त्यांची क्लिप नको. मोड बदलून मागा, डायनॅमिक सगळं बंद करून मागा, पाच मिनिटं पूर्ण काळा पडदा मागा. दोन मॉडेल शेजारी लावून तुलना करायची तर आधी मीटरने दोघांचा उजेड सारखा करून घ्या, कारण डोळा नेहमी जास्त उजळ चित्राच्या बाजूने कौल देतो. त्यासाठी उजळ प्रोजेक्टरचं लेसर आउटपुट खाली घ्या किंवा त्याच्या लेन्ससमोर फोटोग्राफीचा एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) धरा.

घरी बसवल्यावर सगळी वाचनं एका वहीत लिहा: तारीख, चालू तास, मोड, झूम, नऊ लक्स, लेन्सजवळचा पांढरा-काळा. स्टँडची जागा जमिनीवर पेन्सिलने आखून ठेवा आणि दर ५०० तासांनी त्याच खुणेवर पुन्हा मोजा. उजेड दहा टक्क्यांहून जास्त पडला असेल तर आधी फिल्टर आणि लेन्स साफ करून वाचन पुन्हा घ्या, मग दिव्याची किंवा लेसरची पातळी एक घर वर न्या.